‘ओहम सारखेच हवेत’ : हेडफोन आणि साउंड कार्डाविषयीचा एक जुना गैरसमज

कोल्हापुरात राजारामपुरीत गेमिंगसाठी हेडफोन घ्यायला गेलात, तर ‘कार्डाचे आणि हेडफोनचे ओहम सारखेच हवेत’ (कार्ड म्हणजे संगणकाचा आवाज बाहेर देणारे साउंड कार्ड; ओहम हे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे, म्हणजे इम्पिडन्सचे, एकक) हा सल्ला, तोही अगदी मनापासून दिलेला, हमखास कानी पडतो. दोन्ही टोकांना ६०० ओहम ठेवण्याची ती रीत जुन्या टेलिफोन तारांची; हेडफोनला ती लागू नाही. येथे कार्डाचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन जोडतो त्या बाजूचा विरोध, हेडफोनच्या इम्पिडन्सच्या साधारण एक-अष्टमांश किंवा त्याहून कमी असावा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला फार तर ४ ओहम. अन्यथा अनेक हेडफोनांत खर्ज फुगतो आणि मागून येणाऱ्या शत्रूच्या पावलांचा आवाज त्यात बुडून जातो. २५० ओहमच्या हेडफोनची अडचण निराळी: साध्या मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) अंगभूत कार्डावर व्होल्टेज अपुरे पडल्याने आवाज शंभरावर नेला तरी तो दबकाच राहतो. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःचेच कार्ड असल्याने तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.