बिनपात्याचा हवा संपीडक

बिनपात्याचा हवा संपीडक : गुळगुळीत, सपाट तबकड्यांच्या घर्षणाने हवेला वेग देऊन तिचा दाब वाढविणारे फिरते यंत्र. पंक्चरच्या दुकानातील दट्ट्याच्या कॉम्प्रेसरलाही पाती नसतात. तथापि ही संज्ञा, पात्यांचे चक्र वापरणाऱ्या केंद्रोत्सारी संपीडकांपासून वेगळेपण दाखविण्यासाठी, तबकड्यांच्या यंत्रापुरती वापरणे सोयीचे ठरते. बाजारात बिनपात्याचे म्हणून विकल्या जाणाऱ्या घरगुती पंख्यांचा येथे संबंध नाही, कारण त्यांच्या बैठकीत पात्यांचे लहान चक्र दडलेले असते.

पात्यांवाचून हवा दाबण्याची गरज विदर्भाला फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील महापाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी आणि तिच्यात वारा नेणाऱ्या मातीच्या नळ्या उत्खननात मिळाल्या आहेत, आणि वखराची पास किंवा नांगराचा फाळ तापविणाऱ्या लोहाराचा चामडी भाता हाही त्याच गरजेतून आलेला आहे. पडत्या पाण्यात अडकलेले हवेचे बुडबुडे खोल विहिरीत दाबून घेण्याची, एकही फिरता भाग नसलेली पद्धतही आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात रॅगेड शूट्स येथे १९१० मध्ये असा संपीडक खाणींसाठी सुरू झाला आणि कित्येक दशके चालला. त्याला मात्र बारमाही प्रवाह आणि मोठा उतार लागतो, आणि वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनीत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

तबकड्यांच्या यंत्राची कल्पना निकोला टेस्ला यांची. ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी पंप व संपीडक म्हणून अर्ज केला, त्यातूनच वेगळा काढलेला टर्बाइनचा अर्ज जानेवारी १९११ मध्ये केला, व ६ मे १९१३ रोजी दोन्हींना अमेरिकी एकस्वे (पेटंट) मिळाली. एका शाफ्टवर पातळ तबकड्या थोडे थोडे अंतर ठेवून बसवितात. मध्याजवळच्या छिद्रांतून आत आलेली हवा तबकडीलगतच्या पातळ थरात (सीमास्तरात) श्यानतेमुळे, म्हणजे हवेच्या चिकटपणामुळे, ओढली जाते, चक्राकार मार्गाने बाहेर सरकते आणि कडेवरून सुटून शंखाकृती कवचात शिरते, जेथे तिच्या वेगाचा काही भाग दाबात बदलतो.

अभिकल्पाचा गाभा तबकड्यांमधील फटीत आहे. फट फार मोठी असल्यास मधली हवा ओढलीच जात नाही आणि फार लहान असल्यास वाट अडते. फटीचे योग्य माप हवेची शुद्धगतिक श्यानता (श्यानता भागिले घनता) आणि कोनीय वेग (फिरण्याची गती) यांच्या भागाकाराच्या वर्गमुळाच्या सुमारे तिप्पट धरतात. ४० अंश सेल्सिअस तापमानाला, मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर ते साधारण ०.३५ मिलिमीटर येते. एवढ्या अंतराचे वॉशर एकसारखे मिळविणे आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या ठराविक जाडीच्या पात्यांनी) प्रत्येक फट कडेला चार ठिकाणी तपासणे हे तालुक्याच्या गावातील लेथवाल्यालाही जमण्यासारखे आहे, पण त्याला चिकाटी लागते.

दाबाचा हिशेब मात्र आधी करावा, कारण अनेक हौशी प्रयत्न तो न केल्यामुळे निराशेत संपतात. मिळू शकणाऱ्या दाबाची वरची मर्यादा हवेची घनता आणि तबकडीच्या कडेच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते. २०० मिलिमीटर व्यासाची तबकडी वरील गतीने फिरविल्यास कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२६ मीटर आणि दाबाची मर्यादा सुमारे १७ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस इंचाला जेमतेम अडीच पौंड येते. घसरण (हवा तबकडीच्या मागे पडणे) आणि कवचातील तोटा वजा जाता ८ ते १० किलोपास्कल हाती लागले तरी काम चांगले झाले असे समजावे. ट्रकच्या चाकाला शंभर पौंडांहून अधिक हवा लागते. भंगारातील हार्ड डिस्कच्या ९५ मिलिमीटर तबकड्या वापरल्यास, त्याच गतीला, मर्यादा ४ किलोपास्कलच्या आत राहते. त्यातही लॅपटॉपमधील तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात व त्या कधीही वापरू नयेत.

गती वाढवून दाब वाढवू म्हटले तर पोलाद आडवे येते. मध्यभागी छिद्र असलेल्या तबकडीतील कमाल ताणही कडेच्या वेगाच्या वर्गानेच वाढतो. वरील उदाहरणात तो सुमारे १०० मेगापास्कल असतो, आणि हवेसाठी पाडलेल्या छिद्रांभोवती त्याहून अधिक. गती दुप्पट केल्यास दाब चौपट होतो, पण ताण ४०० मेगापास्कलवर जातो, तर साधे मऊ पोलाद २५० च्या आसपास कायमचे ताणले जाते. तबकड्या वाकड्या होण्याचा अनुभव टेस्ला यांच्या टर्बाइनलाही अमेरिकेतील चाचण्यांत आला होता.

म्हणून या यंत्राची खरी जागा कमी दाबाच्या कामात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या तलावांच्या जिल्ह्यांत बोडीत (लहान तळ्यात) किंवा टाक्यात मत्स्यबीज वाढविताना पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि पिले पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. ६० ते ७० सेंटिमीटर खोलीवर बुडबुडे सोडण्यास पाण्याचाच दाब ६ ते ७ किलोपास्कल असतो, आणि तो या यंत्राच्या आवाक्यात बसतो. लोहाराच्या भट्टीला याहूनही कमी दाब पुरतो, परंतु तेथे हाताने फिरवायचा साधा पात्यांचा पंखाच स्वस्त व सोपा पडतो.

चाचणीची सुरुवात तबकड्यांचा संच तोलून आणि मग कमरेएवढ्या खड्ड्यात, वर वाळूची पोती ठेवून, योजलेल्या गतीपेक्षा किंचित अधिक गतीने फिरवून करावी. या वेळी खड्ड्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. दाब मोजण्यास महाग उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी यू आकारात उभी बांधून तिच्यात रंगीत पाणी भरले, की दोन पातळ्यांतील एक मीटरचा फरक म्हणजे ९.८ किलोपास्कल. निर्गम मार्ग पूर्ण बंद, अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा असताना नोंदी घ्याव्यात.

कार्यक्षमता तापमापकानेही काढता येते, आणि ही रीत फारशी वापरली जात नाही याचे वाईट वाटते. मे महिन्यात ४५ अंशांची हवा आत घेऊन तिचा दाब १० किलोपास्कलने वाढविल्यास आदर्श यंत्रात तापमान सुमारे ९ अंशांनी वाढेल. कवच बाहेरून गोणपाटात नीट गुंडाळलेले असताना ते प्रत्यक्षात ३० अंशांनी वाढले, तर कार्यक्षमता ९ भागिले ३०, म्हणजे ३० टक्के. तबकड्यांच्या संपीडकांची मोजलेली कार्यक्षमता बहुधा ४० टक्क्यांच्या आत राहते, त्यामुळे हा आकडा लाजिरवाणा नाही. सेकंदाला १० लिटर हवेसाठी तेव्हा सुमारे ३३० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीपेक्षा थोडी कमी शक्ती शाफ्टवर लागेल; पट्टा आणि मोटरचे तोटे निराळे. दर नोंदीजवळ हवेचे तापमान लिहिणे आवश्यक आहे, कारण डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे मिळालेला दाब मेच्या दुपारी, हवा विरळ झाल्यामुळे, साधारण एक दशांशाने घटतो आणि तो बिघाड समजून यंत्र उगाच उघडले जाते.

जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आसपास मात्र यंत्र खरोखरच उघडावे लागते. कापसाचा तंतू फटीच्या मानाने फार बारीक असला तरी दोन-तीन सेंटिमीटर लांब असल्याने वॉशरांभोवती गुंडाळला जातो, त्यावर धूळ बसते आणि तोल बिघडतो. प्रवेशमार्गावर सुती कापडाची दुहेरी गाळणी बसवावी, ती हंगामात रोज झटकावी, आणि शाफ्टचा आवाज बदलताच यंत्र बंद करून फटी पुन्हा फीलर गेजने तपासाव्यात.