फिश टँकमधलं नायट्रेट आणि नाशिकचं पाणी

गोड्या पाण्याच्या घरच्या टँकमध्ये माशांची घाण, उरलेलं खाणं आणि सडकी पानं यातून अमोनिया तयार होतो, त्याचं बॅक्टेरिया आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खालच्या खडीत हे बॅक्टेरिया राहतात, पहिलं काम नायट्रोसोमोनास गटातले करतात, दुसरं मुख्यतः नायट्रोस्पायरा, आणि नवीन टँकमध्ये त्यांचं बस्तान बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट थोडे वाढले तरी मासे दगावतात. नायट्रेट तेवढं जहाल नाही, पण ते साचत जातं आणि दिसत नाही, पाणी एकदम क्लिअर असतं आणि टेस्ट केली की ८० पीपीएम, म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम!

साधारण २० पीपीएमच्या खाली असेल तर उत्तम, ४० पर्यंत गप्पी, मोली, गोल्डफिश चालवून घेतात, डिस्कस मासे, श्रिंप (छोटी कोळंबी) आणि लहान पिल्लांना मात्र कमीच हवं. जास्त राहिलं की काचेवर शेवाळ धरतं, मासे खायला कंटाळतात, पिल्लांची वाढ खुंटते.

आता नाशिकचं पाणी. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांचं, आणि धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं, तिथे काळजी क्लोरीनची, त्यासाठी अँटी-क्लोरीन टाकायचं. प्रश्न येतो सोसायटीच्या बोअरचा आणि उन्हाळ्यात टँकर येतो त्याचा. निफाड, दिंडोरीकडे द्राक्ष, टोमॅटो, कांद्याला भरपूर खत पडतं आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपतं, त्यामुळे मळ्यातल्या घरी टँक असेल तर आधी विहिरीचं पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतं, म्हणजे तेवढेच पीपीएम, म्हणजे माणसाला चालणारं पाणी टँकसाठी सुरुवातीलाच जास्त असू शकतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. आरओचं पाणी अर्धं मिसळलं तर फरक पडतो (नुसतं आरओ नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात), पण आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, बहुतेक नायट्रेट त्यातच गोळा झालेलं असतं.

पाणी किती बदलायचं यावर दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो, पण हिशोब सोपा आहे आणि तो कुणी करत नाही. समजा आठवड्याला तुमच्या टँकमध्ये १० पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि तुम्ही दर रविवारी पाव पाणी बदलता, तर १० भागिले पाव म्हणजे ४०, पाणी बदलायच्या आधी आकडा शेवटी इथेच येऊन थांबणार. अर्धं बदललं तर २०. नळाच्याच पाण्यात २० असेल तर ते वरून जोडायचं, म्हणजे पाव बदलून ६० आणि अर्धं बदलून ४०, आणि रोज पाणी बदललंत तरी २० च्या खाली काही जाणार नाही. म्हणून खाणं कमी करणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, पाहुण्यांची पोरं आली की डबी वर ठेवून द्यायची. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उडून कमी झालं म्हणून नुसतं वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, उडतं ते पाणी, नायट्रेट आतच राहतं.

झाडं भरपूर मदत करतात, कारण ती अमोनियासुद्धा थेट उचलतात, म्हणजे नायट्रेट व्हायच्या आधीच. मनी प्लांटची मुळं टँकमध्ये सोडून पानं बाहेर ठेवली की बऱ्यापैकी काम होतं. गोदावरीत दिसते ती जलपर्णी अशाच सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर माजते, पण घरात तिला पुरेसं ऊन मिळत नाही, शिवाय नदीतून उचलली तर सोबत गोगलगायी आणि काय काय येतं, तेव्हा नकोच. याच्या उलट गंमत म्हणजे सीओटू (झाडं जोमाने वाढावीत म्हणून सोडलेला कार्बन डायऑक्साइड) लावलेल्या दाट झाडांच्या टँकमध्ये नायट्रेट शून्यावर येतं, मग झाडं पिवळी पडतात आणि लोक पोटॅशियम नायट्रेट विकत आणून टाकतात, द्राक्षवाले ड्रिपमधून सोडतात तेच तेरा-शून्य-पंचेचाळीस नावाचं खत.

टेस्ट किट घेताना आकडा कशाचा आहे ते बघा. काही किट नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे तिथला १० हा खरा ४४ असतो. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं, फक्त बाटली खूप हलवायची, तळाशी बसलेली पावडर मिसळली नाही तर आकडा खोटाच कमी येतो.

खूप महिने पाणी न बदललेल्या टँकचं प्रकरण वेगळं. नायट्रेट तयार होताना पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) खर्च होते, पीएच उतरतो म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि कमी पीएचला अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो, जे फारसं विषारी नाही. अशात एकदम अर्धं ताजं पाणी घातलं तर पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो, मासे त्या रात्रीत जातात आणि दोष नवीन पाण्याला लागतो. तिथे रोज १० टक्के बदलत दोन-तीन आठवडे काढायचे, आणि त्या काळात फिल्टर धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही.