पर्शिंग रायफल्स, नेब्रास्का विद्यापीठ

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात १८९४ साली सुरू झालेली विद्यार्थ्यांची लष्करी कवायत संस्था. पुढे देशभरातील विद्यापीठांत तिच्या शाखा निघाल्या. लिंकन शहरातील ही तुकडी त्या सर्वांची मूळ शाखा.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेत राज्यांना महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी मिळाल्या. त्या बदल्यात शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी डावपेचांचे शिक्षणही देणे भाग होते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या नेब्रास्का विद्यापीठातही त्यामुळे मुलांच्या वाट्याला कवायत आली. सक्तीची कवायत कशी होते, हे शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहिलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १८९१ मध्ये सहाव्या घोडदळाचे लेफ्टनंट जॉन जे. पर्शिंग तेथे लष्करी शिक्षक म्हणून आले आणि हे चित्र पालटले. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपातील अमेरिकी फौजेचे सरसेनापती झालेले पर्शिंग ते हेच. तेव्हा मात्र ते एकतिशीतले कनिष्ठ अधिकारी होते. त्यांची शिस्त कडक होती. विद्यापीठात ते गणितही शिकवत, आणि १८९३ मध्ये त्यांनी तिथूनच कायद्याची पदवी घेतली.

त्यांनी निवडक मुलांची एक तुकडी कसून तयार केली. ही ‘ए’ कंपनी जून १८९२ मध्ये ओमाहा येथील राष्ट्रीय कवायत स्पर्धेत उतरली आणि नवख्या तुकड्यांसाठी असलेले १,५०० डॉलरचे बक्षीस व ओमाहा चषक घेऊन परतली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. स्पर्धा संपली तरी मुलांना थांबायचे नव्हते. २ ऑक्टोबर १८९४ रोजी त्यांनी ‘व्हार्सिटी रायफल्स’ या नावाने स्वतंत्र मंडळ उभे केले. १८९५ मध्ये पर्शिंग यांची बदली झाली आणि मंडळाने त्यांचे नाव धारण केले. निरोपाच्या वेळी मुलांनी त्यांच्याकडे त्यांची घोडदळाची एक विजार मागून घेतली. निळ्या कापडाची आणि पिवळ्या पट्टीची ती विजार कापून तिचे छोटे तुकडे प्रत्येकाने बिल्ल्यासारखे छातीवर लावले. ही मागणी घेऊन गेलेल्या मुलांचा म्होरक्या जॉर्ज शेल्डन पुढे नेब्रास्काचा गव्हर्नर झाला. सरकारी पदके आणि मानचिन्हे पुष्कळ असतात. आपल्या शिक्षकाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा मानाने मिरवणारी संस्था विरळाच.

जवळजवळ तीस वर्षे ही संस्था लिंकनपुरतीच राहिली. १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, म्हणजे आरओटीसी, अस्तित्वात आले आणि विद्यापीठांतील लष्करी शिक्षणाला एक साचा मिळाला. १९२० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठाची तुकडी सामील झाली, इतरही येत गेल्या, आणि १९२८ मध्ये लिंकनलाच मध्यवर्ती कार्यालय झाले. शाखांना ‘कंपनी’ म्हणतात आणि कंपन्या रेजिमेंटमध्ये वाटलेल्या असतात. मूळ शाखेची ओळख ‘ए-२’, म्हणजे दुसऱ्या रेजिमेंटची ‘ए’ कंपनी. आपल्याकडील एनसीसी १९४८ च्या कायद्याने सरकारने उभी केली. इथे प्रशिक्षण सरकारी असले, तरी मंडळ मुलांचे आहे: नवा सदस्य पारखणे, त्याला घडवणे, सराव घेणे हे सारे विद्यार्थीच करतात.

या तुकड्यांची कवायत दोन प्रकारची. नियमित कवायत लष्करी नियमपुस्तिकेबरहुकूम चालते. प्रदर्शनी कवायतीत रायफल फिरवणे, हवेत उडवून झेलणे आणि एकमेकांकडे फेकणे असते. पुष्कळदा हुकूम तोंडी दिलाच जात नाही, मोजणी प्रत्येकाने मनात ठेवायची. एम-१ गॅरंड रायफल चार किलोंहून जड असते. अंदाज चुकला तर बोट तरी जाते नाहीतर शेजाऱ्याचे नाक, म्हणूनच इथला विश्वास नुसता बोलण्यातला नसतो.

हा विश्वास कुणाला काय देऊन गेला, हे कॉलिन पॉवेल यांच्या उदाहरणातून कळते. जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात दाखल झाला. अभियांत्रिकीत त्याचे मन रमले नाही, ते रमले पर्शिंग रायफल्समध्ये. तो तिथल्या कंपनीचा प्रमुख झाला, १९५८ मध्ये लष्करात अधिकारी झाला आणि पुढे अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखपदापर्यंत पोहोचला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यापीठांत लष्करी शिक्षणाविरुद्ध रोष उसळला, सक्ती उठली आणि अनेक शाखा ओस पडल्या. सिटी कॉलेजातील आरओटीसी १९७२ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये ती परत आली, तेव्हाच्या समारंभाला पॉवेल स्वतः हजर होते.