टाचणी खोचली की नळी बुजत नाही?

छोट्या मूर्ती, मॉडेल रंगवणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: रंगाच्या बाटलीच्या तोंडाला थेंब पाडायची बारीक नळी असते, तिच्यात टाचणी खोचून ठेवा, नळी बुजणार नाही. अर्धंच खरं आहे ते, आणि गोव्यात तर अर्ध्याहूनही कमी.

अॅक्रिलिक रंग पाण्यातला. पाणी उडालं की त्यातले प्लॅस्टिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. टाचणी हे थांबवत नाही, फक्त भोकाची जागा अडवते. भोवतीचा रंग सुकतोच. वर साधी लोखंडी टाचणी ओल्या रंगात गंजते, गोव्याच्या दमट हवेत तर जास्तच. चवथीच्या आधी फोंड्याला माझ्या पांढऱ्या रंगाचा पहिला थेंब चक्क चहाच्या रंगाचा पडला होता! गणपतीच्या सोवळ्यावर.

‘आमच्याकडे हवा दमट, रंग सुकतोय कुठला’ हेही ऐकतो. पावसाळ्यात तो हळू सुकतो, एवढंच.

नळी बुजते ती टोकाशी राहिलेल्या थेंबामुळे. म्हणून काम झालं की बाटली उभी धरा, हलकेच दाबून सोडा. हवा आत जाताना नळीतला रंग खाली ओढला जातो. मग टोक ओल्या फडक्यानं पुसून टोपण घट्ट लावा. टाचणी हवीच असेल तर स्टेनलेस स्टीलची, तीही बुजलेलं मोकळं करण्यापुरती.

पुरतीच बुजली तर जोरानं दाबू नका, नळी उडून रंग शर्टावर येतो. ती उपसून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा.