शँटेल मार्टिन की मिस्टर डूडल? पांढऱ्याकडे बघा

पांढरी भिंत, काळा मार्कर, जिकडेतिकडे डोळे-तोंडं फुटलेली रेघ. असं चित्र कुणी पाठवलं की खाली हमखास चुकीचं नाव पडतं. मार्टिन आणि डूडल दोघंही ब्रिटिश चित्रकार, दोघांचंही पोट रेखाटनावर, त्यामुळे घोळ होणारच.

मिस्टर डूडल म्हणजे इंग्लंडमधल्या केंटचा सॅम कॉक्स, जन्म १९९४. त्याला रिकामी जागा बघवत नाही. वर्गात कंटाळलेला पोरगा वहीचं मागचं पान गिरगटून भरतो ना, तसंच. फक्त पान संपलं तरी हा थांबत नाही. केंटमधल्याच टेंटरडन गावात त्यानं बारा खोल्यांचं घर घेतलं, ते आतबाहेर पांढरं करून टाकलं आणि दोन वर्षं त्यावर काढत बसला. २०२२ मध्ये व्हिडिओ आला तेव्हा हिशेबही बाहेर आला: ९०० लिटर पांढरा रंग, काळ्या स्प्रेचे ४०१ कॅन. बाथटब, शेगडी, पलंगावरची चादर, काहीच सुटलेलं नाही. (त्या घरात झोप कशी लागते देव जाणे.) जवळून पाहिलं तर दोन पात्रांमधल्या फटीतही तिसरं डोकावतं. हे नुसतं गमतीचं वेड नव्हे. घराला हात घालण्याआधी, २०२० मध्ये, तो मनोविकारानं आजारी पडून रुग्णालयात होता, आणि सॅम कुठे संपतो नि डूडल कुठे सुरू होतो हेच तेव्हा कळेनासं झालं होतं, हे तो स्वतःच उघडपणे बोलला आहे.

शँटेल मार्टिन लंडनच्या थेम्समीडची, जन्म १९८०. सेंट्रल सेंट मार्टिन्स या लंडनच्या कलामहाविद्यालयातून २००३ साली शिकून ती जपानला गेली. तिथल्या क्लबांत संगीत चालू असताना ती रेखाटायची आणि ते तिथल्या तिथे प्रोजेक्टरनं भिंतीवर उमटायचं. तिची रेघ तिथे घडली. गाणं थांबत नाही, म्हणजे खोडायला सवड नाही. आणि गाणं संपलं की चित्रही संपलं, मग भिंत अर्धी कोरी का असेना. पुढे न्यूयॉर्क, २०१९ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले या नृत्यसंस्थेसाठी काम, सगळीकडे हीच सवय. मध्येच 'हू आर यू' असे शब्द, आजूबाजूला ऐसपैस पांढरं. माझं लाडकं काम मात्र यापेक्षा कितीतरी लहान आहे: तिच्या आजीनं तिची रेखाटनं सुईदोऱ्यानं कापडावर उतरवली, ते.

जाड रेघांच्या नाचऱ्या आकृत्या काढणारा अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग, त्याचं नाव दोघांनाही चिकटवतात. मला ते कॉक्सच्या बाबतीत जास्त पटतं.

तरीही शंका राहिलीच, तर एका रेघेवर बोट ठेवून निघा. कॉक्सची रेघ एखाद्या पात्राला वळसा घालून निघाली तिथेच परत येते. मार्टिनची नाक होते, हनुवटी होते, सरळ सुटते आणि बोट कागदाबाहेर नेऊन सोडते.