बिचकणं वेगळं, नको असणं वेगळं

टेक्सासात मराठी घरी जेवायला गेलं की हल्ली हा प्रसंग ठरलेला. जेवणं उरकतात, पुरुष मंडळी आतल्या खोलीतली बंदुकांची तिजोरी बघून येतात आणि यजमान माझ्याकडे वळून म्हणतो, ‘तू तर रोज बरोबर ठेवतेस ना पिस्तूल? मग हिला समजाव की जरा. हिची भीतीच जात नाही.’ ‘ही’ शेजारीच असते. हातात श्रीखंडाची वाटी, नजर वाटीत.

मी समजावायला जात नाही. आधी तिलाच विचारते, ‘भीती वाटतेय, की नकोच आहे?’ नवऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटतो. ती मात्र वाटीतून मान वर करते.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, लेबलासकट खणात पडलेलं, क्लासची तारीख दोनदा पुढे ढकललेली, शूटिंग रेंजचं नाव काढलं की डोकं दुखायला लागतं. बिचकणारीही हेच करते आणि जिला नको आहे तीही. पण एकीला शिकवलं की मोकळं वाटतं आणि दुसरीला शिकवत राहिलं की ती घुसमटते. म्हणून आधी ओळखता यायला हवं.

माझी ओळखण्याची रीत साधी आहे. ती विचारते काय, ते ऐकायचं. बिचकणारीचे प्रश्न वस्तूबद्दल असतात. खाली वाकले आणि आपोआप सुटलं तर? ही स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मला ओढवतच नाही, ऐन वेळी काय करू? मुलानं येऊन कमरेला मिठी मारली तर? या सगळ्यांना उत्तरं आहेत, आणि बहुतेक उत्तरं हाताने करून दाखवता येतात. जिला नको आहे ती एक तर काहीच विचारत नाही, नाहीतर असं काही विचारते की समोरचा गप्प होतो. ‘मी खरंच कुणाला मारलं तर नंतर मी कशी जगणार?’ याला कुठल्याही इन्स्ट्रक्टरकडे उत्तर नाही, आणि हा प्रश्न अज्ञानातूनही येत नाही.

मी स्वतः बिचकणाऱ्यांतली. नवऱ्याने हौसेने आणलेलं पहिलं शस्त्र म्हणजे पाच गोळ्यांचं इवलंसं रिव्हॉल्व्हर, जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमचं. दुकानातला म्हणाला होता, बायकांना छोटंच बरं. इथेच निम्म्या बायका गारद होतात. शस्त्र जितकं हलकं तितका गोळीचा धक्का थेट तळव्यात बसतो. शिवाय अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे ओढता ओढता नळी हलते आणि नेम जातो. छोटी रिव्हॉल्व्हरं मुरलेल्या हातांसाठी आहेत, नवख्यांच्या हाती उगाच दिली जातात.

वर आम्ही गेलो बंदिस्त रेंजवर, तेही शनिवारी दुपारी. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी रायफल चालवत होतं. कानात बोळे असूनही प्रत्येक बार छातीवर थाप मारल्यासारखा जाणवायचा. मी तिसरी गोळी झाडली तेवढ्यात त्याच्या काडतुसाची तापलेली रिकामी पुंगळी उडून माझ्या कुर्त्याच्या गळ्यात गेली. हातात भरलेलं रिव्हॉल्व्हर आणि गळ्यात निखारा! अशा वेळी माणूस झटक्यात वळतो, नळीसकट वळतो, आणि अपघात नेमके असेच होतात. माझं नशीब, मी जागच्या जागी ओरडले फक्त. रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हटलं, ‘मला नाही जमणार.’ त्याने त्याचा अर्थ लावला, ही भित्री आहे. मी अर्थ लावला, मला हे नकोच आहे. दोघांचंही चुकलं होतं.

दुरुस्ती झाली ती वर्षभराने, एका बाई इन्स्ट्रक्टरकडे. मंगळवारची सकाळ, उघडी रेंज, आसपास कुणी नाही, आणि नवराही नाही. (नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायकांना याचं कारण सांगायला नको.) कानात फोमचे बोळे आणि वर हेडफोनसारखी जाड कव्हरं, दोन्ही. पिस्तुलाचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा हे नाजूकपणाचे चोचले नव्हेत. गळाबंद टीशर्ट. हातात .२२चं, म्हणजे अगदी बारीक गोळीचं, वजनदार पिस्तूल, त्याला धक्का असा जवळपास नाहीच. पहिला अर्धा तास तर एकही गोळी नाही. बोट चापाबाहेर, नळी समोर, रिकामं आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी ते भरलेलंच आहे असं धरायचं. हेच पुनःपुन्हा, आरतीसारखं पाठ होईपर्यंत.

मग स्लाइड. मी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढत होते, दही घुसळायची दोरी ओढावी तशी. तिने पिस्तूल माझ्या छातीजवळ आणलं, नळी समोरच ठेवून. माझा डावा तळवा अख्खा स्लाइडच्या मागच्या भागावर गच्च बसवला आणि म्हणाली, हे ओढायचं नाही. डावा हात जागेवर ठेव आणि उजव्याने मूठ पुढे ढकल. खट्कन सरकली. ताकद तितकीच होती, दिशा बदलली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी स्वतःला अशक्त समजत होते.

त्यानंतर तिने मला न सांगता मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, मधेच एक खोटं काडतूस घातलं. मी चाप ओढला, बार झालाच नाही, आणि तरीही नळी खाली डुचमळली. म्हणजे धक्का नव्हताच, मी धक्क्याच्या धास्तीने आधीच हात खाली दाबत होते. डोळ्यांनी बघितल्यावर ती खोड पंधरवड्यात गेली.

राहिला ‘आपोआप सुटलं तर’ हा प्रश्न. त्यावरचा उपाय मला सगळ्यात आवडला. आठवडाभर घरात रिकामं पिस्तूल बाळगायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री, स्लाइड ओढून चाप ताणलेला, आणि ते चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये कमरेला. मग पोळ्या लाटा, केर काढा, जमिनीवर मांडी घालून भाजी निवडा. संध्याकाळी पुन्हा रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला रोखून चाप दाबायचा. ‘टक्’ आवाज आला, म्हणजे दिवसभरात तो आपोआप सुटला नव्हता. सात संध्याकाळी सात ‘टक्’. कुणाच्या भाषणाने जे झालं नसतं ते त्या आवाजाने झालं.

कपड्यांचा प्रश्न उरतोच. लेगिंगला पट्टा नाही, साडीत तर विचारूच नका. म्हणून बायकांना पर्स सुचवली जाते, तिच्यात पिस्तुलाचा वेगळा कप्पाही असतो. मी पर्सच्या विरुद्ध आहे. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात एक आई खरेदी करत होती. पर्स ट्रॉलीत, शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा. त्याने कप्प्यात हात घातला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती पर्स खास पिस्तुलासाठी बनवलेली होती आणि नवऱ्याने नाताळची भेट म्हणून दिलेली होती. ती बाई तर सरावातली होती. ज्या बायका केवळ नवऱ्याचं मन राखायला बाळगतात, त्यांच्या पर्सेस मंडळाच्या कार्यक्रमांत खुर्च्यांवर लटकलेल्या मी बघितल्या आहेत. पिस्तूल बरोबर ठेवणं हे रोजचं काम आहे, दिवसभर त्याच्यावर एक डोळा ठेवावा लागतो. मनातून नको असलेलं काम माणूस कसं करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्यानेही तिला त्याच बाईंकडे पाठवलं. ती माझ्यापेक्षा सरस निघाली. टेक्सासच्या परवान्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात, २५०पैकी १७५ गुण मिळाले की पास. तिची पंधरा यार्डांवरची गोळ्यांची भोकं बशीएवढ्या जागेत होती. लेखी परीक्षेतही पास झाली. परवाना घरी आला, तो तिने पासपोर्टच्या फायलीत ठेवला. पिस्तूल एक दिवसही कमरेला लावलं नाही.

नवऱ्याचं निदान, अजून आत्मविश्वास कमी पडतोय. म्हणून पुढचा क्लास, मग त्याच्या पुढचा. शेवटी एकदा चहा घेताना ती म्हणाली, ‘मला येतं गं. मला नको आहे. ह्याला वाटतं, येत नाही म्हणून नको.’ मग बऱ्याच वेळाने, कप धुताना, पाठ माझ्याकडे असताना तिने सांगितलं की विशीत ती मोठ्या नैराश्यातून गेली होती आणि तेव्हा हाताशी असं काही नव्हतं म्हणून आज ती इथे आहे. अमेरिकेत २०२१मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, निम्म्याहून जास्त. मैत्रिणीला हे आकडे माहीत नव्हते. तिला स्वतःचं मन माहीत होतं.

प्रत्येकीच्या नकारामागे असं काही असेलच असं नाही. कुणाची श्रद्धा असते, कुणाला नुसतंच पटत नाही. कारण न सांगताही नकार पुरतो.

आणि हे फक्त बायकांचंच आहे असंही समजू नका. आमच्या ओळखीत एका घरात बायको बाळगते आणि नवरा बिचकतो. तो विनोद करून वेळ मारून नेतो, कारण पुरुषाने बिचकतो म्हणायची सोय नाही. त्याला एक .२२ आणि एक शांत सकाळ मिळाली तर महिन्यात सरळ होईल, असं माझं मत.

कायदा या बाबतीत फार मदत करत नाही. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासात, २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. अशी एकूण २९ राज्यं आहेत. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क. घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुअन निकालानंतर तिथे परवाना नाकारणं अवघड झालं, पण १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबार हे शिक्षण सक्तीचं झालं. गरज नसतानाही मी टेक्सासचा परवाना घ्यायलाच सांगते. चार ते सहा तासांच्या त्या वर्गात बळाचा वापर कधी करता येतो, भांडण हाणामारीशिवाय कसं मिटवायचं आणि मुलांपासून शस्त्र कसं दूर ठेवायचं, हे शिकवतात. शिवाय संघराज्याच्या कायद्यात शाळेपासून १,००० फुटांच्या पट्ट्यात शस्त्राला बंदी आहे, त्यातून राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे, आणि आपल्या वस्तीत कुठूनही निघालं तरी शाळा लागतेच. शाळेच्या इमारतीत मात्र परवानाधारकालाही नेता येत नाही. आपले गणपती शाळांच्या सभागृहांत बसतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

आपल्या लोकांनी याहून आधी बघायची गोष्ट म्हणजे व्हिसा. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) अशा व्हिसांवर असणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच संघराज्याचा गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. एच-४वरच्या बायकोला ‘धीर यावा’ म्हणून पिस्तूल भेट देणारे महाभाग मला भेटले आहेत. तिचं बिचकणं तिच्या कायद्याच्या ज्ञानापेक्षा शहाणं होतं.

या नवऱ्यांना मी एक विचारते, पुष्कळांना ते आवडत नाही. भीती नक्की कुणाला वाटतेय? रात्रपाळी तुमची, बातम्या तुम्ही बघता, झोप तुमची उडते, आणि पिस्तूल तिच्या कमरेला? ‘पार्किंगमध्ये तू एकटी असतेस’ हे रोज ऐकवून तिचा धीर वाढत नाही, ती पार्किंगलाही घाबरायला लागते. ती खरंच बिचकत असेल तर तिला बरी इन्स्ट्रक्टर शोधून द्या, पैसे भरा आणि घरी बसा. तिला कुठलं पिस्तूल आवडतं ते तिने भाड्याच्या पिस्तुलांवर हात बसवून ठरवू दे.

मैत्रिणीच्या घरी हे समजायला दोन वर्षं गेली. आता नवरा त्याचं पिस्तूल आकड्यांच्या कुलुपाच्या पोलादी पेटीत ठेवतो. पेटी त्याच्या बाजूच्या कपाटात आहे. कुलपाचा आकडा तिला माहीत नाही. तसं तिनेच मागून घेतलं आहे.