ऑस्ट्रेलियाचे प्रवेशनियम : श्रुतलेखनापासून जिऱ्याच्या पुडीपर्यंत

मुलाकडे किंवा लेकीकडे मेलबर्न-सिडनीला निघालेल्या आईवडिलांना तिकडून फोनवर एक सूचना हमखास मिळते : खायचे शक्यतो आणू नका आणि आणलेच, तर उतरण्यापूर्वी भरायच्या प्रवासी कार्डावर तसे लिहा. व्हिसासाठी बँकेचे उतारे आणि आमंत्रणपत्र जमवून दमलेल्या माणसाला पुढे चटणी-मसाल्यावरूनही प्रश्न विचारले जाणार हे कळले, की एकच देश आपल्यावर दोनदा संशय घेतो आहे असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात या दोन चौकशांची मुळे वेगळी आहेत, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांचा प्रवास उलट दिशांनी झाला आहे.

सहा ब्रिटिश वसाहतींचे मिळून १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि त्याच वर्षी तेथील संसदेने स्थलांतर-निर्बंध कायदा संमत केला. गोरेतर लोकांना बाहेर ठेवण्याचा हेतू असूनही या कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. बंदरावर उतरणाऱ्या माणसाला अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा सांगायचा आणि तो त्याला लिहिता आला नाही तर प्रवेश नाकारायचा, अशी तरतूद होती. पण भाषा निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे असल्याने नको असलेला माणूस नापास होणार हे ठरलेलेच असे. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडून उचललेली होती. तेथे १८९७ मध्ये भारतीयांची आवक थांबवण्यासाठीच भाषेची अट घातली गेली होती आणि त्या काळात गांधीजी तेथे भारतीयांच्या हक्कांसाठी झगडत होते. १९३४ मध्ये एगॉन किश या युद्धविरोधी लेखकाला रोखण्यासाठी हीच परीक्षा वापरण्यात आली. त्यांना अनेक युरोपीय भाषा येत असल्यामुळे उतारा स्कॉटिश गेलिक भाषेत सांगण्यात आला, आणि उच्च न्यायालयाला ती परीक्षा अवैध ठरवावी लागली.

आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाचा टप्पा १९०४ चा आहे. भारतातून पारपत्र घेऊन येणाऱ्या व्यापारी, विद्यार्थी आणि पर्यटकांना एक वर्षापर्यंत परीक्षेविना राहू देण्याची व्यवस्था त्या वर्षी झाली. कायमचे राहायला येणारा आणि भेटीला येऊन परत जाणारा यांत केलेला हा फरक आजच्या भेटीच्या व्हिसाचा पूर्वज म्हणता येईल. श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ च्या स्थलांतर कायद्याने गेली आणि वर्णाधारित धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये काढून टाकण्यात आले. १९९६ पासून काही देशांच्या नागरिकांना इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना मिळू लागला. भारतीय पारपत्रधारकांना मात्र ही सोय नाही. त्यांना रीतसर अर्ज करून 'सबक्लास ६००' हा भेटीचा व्हिसा घ्यावा लागतो. ही विषमता खटकते, आणि ती खटकावीच.

सामानाच्या तपासणीचा इतिहास मात्र माणसांच्या नव्हे, सशांच्या गोष्टीने सुरू होतो. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातील एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे सोडले, आणि काही दशकांत त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग चरून उजाड केला. त्यांना अडवण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक मैल लांबीचे कुंपण घालावे लागले. बाहेरून आणलेल्या फड्या निवडुंगाने सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. अर्जेंटिनातील एका पतंगाच्या अळ्या १९२६ मध्ये सोडल्या तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. १८७७ मध्ये व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ द्राक्षवेलींची मुळे खाणारी फायलॉक्सेरा ही कीड सापडली. १९०० साली सिडनीत ग्रंथिज्वराची म्हणजे प्लेगची साथ आली; मुंबई-पुण्याला १८९६-९७ मध्ये हवालदिल करणाऱ्या महामारीचीच ती पुढची लाट होती. अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर १९०८ चा विलगीकरण कायदा झाला. तो शंभराहून अधिक वर्षे टिकला आणि २०१६ मध्ये त्याची जागा नव्या जैवसुरक्षा कायद्याने घेतली.

आपल्या स्वयंपाकघराशी थेट संबंध येतो तो खापरा भुंगेऱ्यामुळे. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा हा कीटक मूळचा भारतीय उपखंडातील मानला जातो. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत किंवा खोक्याच्या घडीत अन्नाशिवाय कित्येक वर्षे तग धरू शकते आणि साठवलेल्या धान्याची नासाडी करते. गहू निर्यात करणाऱ्या देशात ही कीड रुजली, तर त्याच्या धान्याला बाजारपेठा बंद होऊ लागतात. म्हणून २०२० मध्ये प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, तूर, मूग, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या आणण्यास बंदी घालण्यात आली, आणि ती एकट्या भारतासाठी नसून सर्वच देशांसाठी आहे. पेढे-बर्फीचे कारण निराळे आहे. ऑस्ट्रेलियात लाळ्या-खुरकुताची शेवटची साथ १८७२ मध्ये येऊन गेली. भारतात हा रोग अजून असल्याने येथील दुधाच्या मिठाईला तेथे सहसा प्रवेश मिळत नाही. गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरल्यावर काय होते हे पाहिलेल्या शेतकऱ्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

तंबाखू, मद्य, भेटवस्तू यांच्या मर्यादा हा शुल्काचा, म्हणजे महसुलाचा भाग आहे. त्यात प्रौढ व्यक्तीला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या सर्वसाधारण वस्तू आणि सव्वादोन लिटर मद्य यांवर सूट मिळते.

व्हिसा आणि सामान हे दोन प्रवाह २०१९ मध्ये एकत्र आले. जैवसुरक्षेचा गंभीर भंग करणाऱ्याचा भेटीचा व्हिसा विमानतळावरच रद्द करण्याचा अधिकार त्या वर्षी अधिकाऱ्यांना मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये डुकराच्या कच्च्या मांसासह सुमारे दहा किलो खाद्यपदार्थ न सांगता आणणाऱ्या एका व्हिएतनामी महिलेला सिडनीहून परत पाठवण्यात आले. आफ्रिकी स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग त्या वेळी आशियाभर पसरत होता. २०२२ मध्ये इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत पोहोचल्यावर विमानतळांवर जंतुनाशकात भिजवलेली पायपुसणी अंथरली गेली, आणि बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाला पिशवीतल्या न नोंदवलेल्या न्याहारीपायी, म्हणजे अंडे-सॉसेज भरलेले दोन पाव आणि हॅम घातलेला एक क्रॉसाँ यांपायी, २,६६४ डॉलर दंड झाला. दंड होतो तो मुख्यतः लपवल्याबद्दल. कार्डावर 'होय' अशी खूण करून वस्तू दाखवली, तर अधिकारी ती तपासून परत देतात, तिच्यावर प्रक्रिया करतात किंवा काढून घेतात. ती निषिद्ध निघाली तरी खरे सांगणाऱ्याला दंड होत नाही.